शिवणक्लासच्या गाडीचा हॉर्न

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा शुद्ध लिहा." शुद्ध म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलं निम्मं वर्ष भाताच्या लावणीत जायचं. तेव्हा लिहिलंय ते असंच छापा, नाहीतर माझे कागद मला परत द्या.

मी ड्रायव्हर. आधी सहा आसनी रिक्षा चालवली, मग जुनी व्हॅन घेतली. म्हसळा ते श्रीवर्धन, कधी दिघी, कधी हरिहरेश्वर. निम्मी वर्षं मासळीच्या टोपल्या, लग्नाची वऱ्हाडं आणि देवाला आलेले मुंबईकर वाहिले. उरलेली वर्षं बाया वाहिल्या. कुठल्या बाया ते आता सांगायला हरकत नाही.

माझी बायको यशोदा. अंगणवाडीत मदतनीस होती. मुंबईच्या एका संस्थेनं म्हसळ्यात बाजारामागे दोन खोल्या घेऊन केंद्र काढलं, तिथे ती कामाला लागली. केंद्र कुणासाठी, तर नवऱ्यानं मारलेल्या, सासरच्यांनी हाकललेल्या, कुणी अंगावर हात टाकलेल्या बायांसाठी. पुढच्या खोलीत एक शिकलेली ताई बसायची. ती ऐकून घ्यायची, कागद करायची, पोलिसांत आणि कोर्टात बाईच्या बाजूला उभी राहायची. मागच्या खोलीत दोन खाटा. ज्या बाईला घरी जाता येत नाही तिला चार-पाच दिवस तिथे टेकता यायचं. कारभार एवढाच, पण एवढासुद्धा आसपास दुसरीकडे कुठे नव्हता.

दारावर पाटी होती 'महिला शिवण वर्ग'. ही अक्कल यशोदाची. संस्थेच्या लोकांनी आधी मोठं नाव रंगवून आणलं होतं. ते वाचून ही म्हणाली, "ह्या पाटीखालून आत शिरायचं म्हंजे बाजारात उभं राहून बोंब मारायची, की मला नवरा मारतो. कोण येईल?" मोठी पाटी माळ्यावर गेली. शिवणाच्या पाटीखाली मात्र बाया यायला लागल्या.

गाडीचेही तिनं नियम केले. बाईच्या दारात थांबायचं नाही. गावाच्या जरा पुढे, जिथे चार माणसं अशीतशी उभी असतात, तिथे थांबायचं. गाडीत नेहमीची दोन-तीन गिऱ्हाईकं घ्यायची, म्हणजे गाडी वडापची, सीटभाड्याची दिसते. नाव विचारायचं नाही. म्हणून मी बायांना थांब्यावरून ओळखायचो. एक पुलावरची, एक पाणपोईजवळची, एक शाळेमागची. पुलावरची तर बोलायला लागली की पुढच्या सीटवरच्या माणसाला वाटायचं, आपणच हिचा नवरा आहोत की काय. गाडीत एक कापडी पिशवी कायम असायची, त्यात ब्लाउजपीस, टेप, कात्री. नवीन बाई चढली की पिशवी तिच्या मांडीवर. आणि एक वाक्य पाठ करून घ्यायचं: कुणीही विचारलं, अगदी सख्ख्या भावानं विचारलं, तरी "शिवण शिकायला चाललेय".

शेवटचा नियम हॉर्नचा. अनोळखी पुरुष केंद्राकडे येतोय असं दिसलं, तर मी गल्लीच्या तोंडाशी दोन लांब हॉर्न द्यायचे. आत बाया लगेच कापड हातात घेऊन बसायच्या. तुम्ही म्हणाल, फोन होता ना? होता. पण पुष्कळ बायांचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, हे फोनवाल्या लोकांना ठाऊक नसतं.

आता खोटा क्लास चालवायचा तर थोडं खरं शिवावं लागतं, ही गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. एका बाईचा नवरा चार महिन्यांनी संशयानं आला. गोरेगावकडचा होता, तालमीतला वाटावा असा. म्हणाला, "चार म्हयने क्लासला येते, घरात एक बटन लावलेलं न्हाय. काय शिकवता तुम्ही?" यशोदा शांतपणे म्हणाली, "दादा, आधी कागद कापायचा असतो. तुमची बायको अजून कागदावर हाय." तो गेला. पण दुसऱ्याच दिवशी हिनं एक जुनं शिलाई मशीन आणवलं, आणि शाळेमागच्या बाईला, जिला खरंच येत होतं, मास्तरीण केलं.

पुढची पंचाईत वेगळीच. सरपंचांच्या मंडळी एक दिवस खऱ्याखुऱ्या क्लासला आल्या. सोबत खण, अस्तर आणि पेढे. त्यांना नाही कसं म्हणणार? आठवड्यातून एक वार त्यांच्यासाठी ठेवला. त्या वारी खाटांची खोली बाहेरून कुलूप लावून बंद, आणि आतल्या बाईनं खोकायचंसुद्धा नाही. पहिल्या वारी मास्तरीण आजारी होती, म्हणून यशोदानं स्वतः त्यांना बाही कापून दिली. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. सरपंचबाई म्हणाल्या, "यशोदाताई, ही कुठली नवी फॅशन?" ही म्हणाली, "मुंबईची."

शेवटी मलाही शिकावं लागलं. कोर्टाच्या तारखेला बाया आत गेल्या की ड्रायव्हरला बाहेर उद्योग काय? मी पँटीची उंची कमी करायला लागलो. म्हसळ्यात अजून दोघं-तिघं माझ्या हातच्या पँटी घालून फिरतात. एक पाय जरा आखूड आहे, पण त्यांची काही तक्रार नाही.

हे सगळं हसण्यावारी सांगतोय, पण गाडीत बसणारी बाई हसायला बसत नसे. एकच प्रसंग सांगतो, कारण केंद्राला सरकारी अनुदान कशाला लागतं असं मला आजही लोक विचारतात.

समुद्राकडच्या एका गावात पर्यटकांसाठी लॉज आहेत. तिथे चादरी धुणारी एक बाई सकाळीच रस्त्यावर उभी दिसली. चप्पल एकाच पायात. मी काही विचारलं नाही. तिला केंद्रावर आणलं, तिथून यशोदा तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात. तपासणीला बाई डॉक्टर हवी, ती यायची होती, म्हणून बाकावर बसून राहायचं. पाणी प्यायचं नाही, तोंड धुवायचं नाही, लघवीला जायचं नाही, नाहीतर पुरावा जातो. हे ऐकायला सोपं वाटतं. मी दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा होतो, मला माझं पाणी पिववेना.

तपासणी झाल्यावर यशोदा बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाजारात जा. परकर, पोलकं, साडी आण. आतले कपडेसुद्धा."

मी म्हटलं, "मी?"

"मग मी तिचा हात सोडून जाऊ? तिच्या अंगावरचे सगळे कपडे पोलिसांनी पुरावा म्हणून घेतले. ती आत चादर गुंडाळून बसलीय."

गेलो. दुकानदार ओळखीचा. मी मान खाली घालून काय पाहिजे ते सांगितलं. तो डोळा मारून म्हणाला, "काका, ह्या वयात?" मी त्याला म्हटलं, "जास्त बोलशील तर तुझ्याच कपाटात तुला कोंबीन. माप मोठं, मधलं, लहान, तिन्ही दे." मला माप माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून केंद्राच्या कपाटात नव्या कपड्यांचे जोड कायम ठेवले गेले, सगळ्या मापांचे. अनुदान म्हणजे हे. अनुदान म्हणजे दोन खाटा, ताईचा पगार, गाडीचं डिझेल आणि कपाटातला परकर.

आता कुणी म्हणेल, लोकवर्गणी काढा. काढून बघितली. आमच्याकडे देवळाच्या कमानीला माणूस सढळ हातानं देतो. क्रिकेटच्या सामन्यांना देतो, मंडपाच्या दिव्यांना देतो. मार खाल्लेल्या बाईसाठी पावती पुस्तक पुढे केलं की म्हणतो, "घरातलं भांडण घरात मिटवावं काका." एकानं तर वर मलाच विचारलं, ही कोणाची बायको ते आधी सांगा. मुंबईच्या संस्थेकडे येणारे पैसेही पुढे आटले. रस्ता सरकार बांधतं, एसटी सरकार चालवतं, साथ आली तर गोळ्या सरकार वाटतं. मग घरात मार खाणारी बाई काय सरकारच्या हद्दीबाहेर राहते? यशोदानं हे अर्जात लिहायला सांगितलं होतं. ताईनं सभ्य भाषेत लिहिलं आणि अनुदान सुरू झालं. दोन-तीन वर्षं नीट चाललं.

मग माझ्या हातून ती चूक झाली.

त्या दिवशी यशोदा आणि ताई दोघी श्रीवर्धनला कोर्टात. केंद्रावर पाच बाया, मास्तरीण धरून. म्हसळा स्टँडवर एक माणूस माझ्या गाडीत बसला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग. जरा वेळानं म्हणाला, "काय काका, इकडे बायकांना मारहाण वगैरे होते का?"

आता असं कोण विचारतं? मी आरशात बघितलं. चेहरा कडक. मला वाटलं, हा पाणपोईजवळच्या बाईचा दीर. ती चार दिवसांपूर्वीच घर सोडून आली होती आणि तिचा दीर मुंबईहून शोधायला येणार अशी कुणकुण होती. मी एकदम गोड झालो. "छे छे साहेब. आमच्याकडं तसलं काय न्हाय. माणसं गरीब, देवभोळी. बायका अगदी सुखात."

"आणि ते बाजारामागे केंद्र आहे म्हणे बायकांचं?"

"शिवणक्लास हाय. माझी बायकोच चालवते. ब्लाउज फार छान शिकवतात."

"फक्त शिवण?"

"फक्त शिवण. देवाशप्पथ."

आणि गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मी दोन हॉर्न दिले. असे लांब, की बाजारातली कुत्री उठली.

तो माणूस आत गेला. पाच बाया पाच कापडं घेऊन बसलेल्या. प्रत्येकीला विचारलं, कशाला येता? प्रत्येकीनं एकच वाक्य म्हटलं. पाणपोईजवळच्या बाईनं तर टेप गळ्यात घातला होता. मग त्यानं बॅगेतून ओळखपत्र काढलं. न सांगता आलेला तपासणी अधिकारी होता. बिचाऱ्या बाया आणखीच घाबरल्या आणि आणखीच जोरात शिवायला लागल्या.

अहवाल आला: अत्याचारग्रस्त महिलांच्या नावे शिवणवर्ग चालवला जातो, एकही लाभार्थी आढळली नाही, अनुदान थांबवावं.

ताईनं तो कागद वाचून दाखवला तेव्हा यशोदा स्टुलावर बसून होती. एवढी वर्षं लोकांनी तिला घरं फोडणारी म्हटलं होतं, ते तिनं हसून सोडलं होतं. लबाड कुणी म्हटलं नव्हतं. ती मला म्हणाली, "तुम्ही हॉर्न का दिलात हो त्या दिवशी? बाया म्हणतात हॉर्न झाला."

मी म्हटलं, "म्हैस आडवी आली."

इतकी वर्षं परक्यांशी खोटं बोलून जीभ सरावली होती, तीच घरात वापरली. गल्लीत म्हैस एकाचीच. यशोदा उठली आणि सरळ त्या म्हशीच्या मालकाकडे गेली. त्याच्या दारात उभं राहून तिनं त्याला जे झापलं, ते ऐकायला आळी जमली. तो गरीब माणूस शपथा घेत होता, "यशोदावयनी, माझी म्हस त्या दिवशी व्यायली वो! गोठ्यातून हलली न्हाय!" मी मागे उभा राहून मान डोलवत होतो, जशी काही मला म्हशीची सगळी खबर आहे.

सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात तिचं दुखणं निघालं. पोटाचं होतं, आत खूप दिवस वाढलेलं. पनवेलच्या दवाखान्यात ती मला केंद्राचंच विचारायची, कपाटात मधल्या मापाचे जोड आहेत का, पुलावरचीची तारीख कधी. असल्या बाईला मी तिथे म्हशीचं खरं कसं सांगू? पावसाळा संपता संपता ती गेली. गेली तेव्हा तिला वाटत होतं, बाया भ्यायल्या म्हणून केंद्र बुडालं. त्यातही तिनं बायांना दोष दिला नाही. म्हणाली, "भ्यायच्याच त्या. आपणच शिकवलं."

त्यानंतर मी गप्प बसायला पाहिजे होतं, असं माझा भाऊ म्हणतो. घरी बसून काय करू? भाताचा कुकर एकासाठी लावायचा म्हणजे किती तांदूळ घ्यायचे हेच मला अजून जमत नाही. मी अनुदानाच्या मागे लागलो. ताई अर्ज लिहायची, मी घेऊन जायचो. अलिबागला जिल्ह्याच्या कार्यालयात किती वेळा गेलो ते मोजलं नाही. शिपाई मला बघून म्हणायचा, "आले शिवणक्लास." एकदा मांडव्याहून बोटीनं मुंबईलाही गेलो. तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत पाठवत पुन्हा पहिल्या टेबलावर आणलं. पहिला साहेब म्हणाला, "मघाशी आलेले तेच का तुम्ही?" मी म्हटलं, "नाही, मघापेक्षा म्हातारा झालोय." तो हसला आणि त्यानंच खरं काय ते सांगितलं. "बाबा, अहवालाविरुद्ध सुनावणी मागा. आणि लाभार्थी हजर करा. बायांशिवाय कागद हलणार नाही."

सुनावणी मिळाली. मंगळवार, अलिबाग. इकडे केंद्राचं भाडं थकलेलं, खोल्यांचा मालक कुलूप हातात घेऊन बसलेला. ही संधी गेली की केंद्र गेलं, हे सगळ्यांना माहीत होतं.

पण बायांना न्यायचं म्हणजे काय? यशोदानं एकाही बाईचं नाव कधी केंद्राबाहेर जाऊ दिलं नव्हतं. माझ्याकडे तिची वही होती, त्यात सगळी नावं. ती वही सुनावणीच्या टेबलावर ठेवली असती तर काम एका फटक्यात झालं असतं. रविवारी मी ती पिशवीत घातली. सोमवारी बाहेर काढून ताईला दिली आणि सांगितलं, "ही माझ्यापासून लपवून ठेव." बायांना एवढाच निरोप पाठवला, की मंगळवारी सकाळी गाडी निघेल, यायचं तिनं आपल्या थांब्यावर उभं राहावं. जबरदस्ती नाही.

मंगळवारी पुलावर थांबलो. कुणी नाही. पाणपोईजवळ थांबलो. कुणी नाही. शाळेमागे एक बकरी. ताई बाजूला बसली होती, ती म्हणाली, "काका, चला. आपण दोघं बोलू." दिघीला गाडी बोटीवर चढवली, आगरदांड्याला उतरलो, मुरूड, रेवदंडा, अलिबाग. सगळ्या वाटेत मी एक शब्द बोललो नाही, म्हणजे बघा.

कार्यालयाच्या व्हरांड्यात शिरलो आणि थांबलो. पहिल्या बाकावर पुलावरची. जिन्याजवळ पाणपोईजवळची. नळाशी शाळेमागची मास्तरीण. आणखी दोघी खिडकीशी. पाचही जणी वेगवेगळ्या एसटीनं, कुणी पहाटेच्या, कुणी आदल्या दिवशी मावशीकडे येऊन. एकीनंही दुसरीकडे बघितलं नाही. मी पुलावरचीच्या समोर गेलो तर ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ न हलवता म्हणाली, "पुढं व्हा काका. ओळख दावू नका."

आतली अधिकारी बाई होती, तरुण, चष्मा डोक्यावर. नावं लिहिणार नाही, आकडे टाकीन, असं तिनं आधीच मान्य केलं आणि दार बंद केलं. बाया बोलल्या. काय बोलल्या ते माझं नाही, मी लिहिणार नाही. लॉजवरचं, दवाखान्यातलं आणि कपाटातल्या कपड्यांचं तेवढं मी सांगितलं. मॅडमनं सगळं ऐकलं. मग जुना अहवाल पुढे ओढला.

"मला तुमचं पटतंय," ती म्हणाली, "पण अडचण अशी आहे. ह्याच बाया तेव्हा म्हणाल्या शिवण. आज म्हणतात मारहाण. मी वर काय कळवू? तेव्हा खोटं की आज खोटं? कुणी शिकवून आणलंय म्हणाले तर?"

पाणपोईजवळची खाली बघायला लागली. मी तिचा चेहरा पाहिला. आयुष्यभर नवऱ्यानं खोटारडी म्हटलेली बाई, आज सरकारसुद्धा तेच म्हणणार, असा तो चेहरा.

मी उभा राहिलो. "मॅडम, शिकवून आणलं न्हाय. शिकवून ठेवलं होतं, आणि ते मी शिकवलं. त्या दिवशी हॉर्न मी दिला. साहेबांना गाडीत मीच सांगितलं की इकडं सगळं सुखात हाय. देवाची शप्पथ घेतली."

"का?"

"मला ते ह्या बाईचे दीर वाटले."

"दीर?"

"चालत तसेच होते, मॅडम. दुसऱ्याच्या घरात घुसायला निघाल्यासारखे."

मॅडमनं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, माझ्याकडे बघितलं, आणि तोंडावर फाइल धरली. खांदे हलत होते. मग फाइल खाली ठेवून गंभीरपणे म्हणाली, "हे सगळं जबाबात लिहून द्याल? तुमच्या सहीनं? तुमच्यावर ठपका येईल."

"येऊ दे. मी पेन्शनवाला थोडाच हाय."

ताईनं लिहिलं, मी सही केली. हॉर्न, शिवणाचं वाक्य, नवऱ्यांचा धाक, सगळं. बाया का खोटं बोलल्या हे कागदावर पहिल्यांदा आलं, आणि मग त्यांचं आजचं बोलणं खरं धरायला वाट झाली. पुढे दीड महिन्यानं अनुदान पुन्हा सुरू झाल्याचं पत्र आलं. दारावर योजनेची पाटी लावा अशी अट होती, ती मॅडमनं स्वतः खोडून 'दर्शनी भागी नको' असं लिहिलेलं. केंद्र चालू आहे. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी दुसरं कुणी चालवतं, माझ्यापेक्षा बरी.

पण मला सांगायचंय ते त्या मंगळवारच्या परतीचं.

बाहेर आल्यावर पाचही जणी आपोआप माझ्या गाडीकडे वळल्या. एसटीचं नाव कुणी काढलं नाही. एकत्र, उघड्यावर, दुपारच्या उन्हात सगळ्या एका गाडीत चढल्या. मला बरं वाटलं. मी गाडी सुरू केली, आणि पुलावरचीनं तोंड सुरू केलं.

"म्हस? काका, म्हस?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"काकीनं त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला शिव्या घातल्या! बाळंत म्हशीवर आळ! आणि तुम्ही मागं उभं राहून मुंडी हालवत होता. मी बघितलं, मी होते तिथं!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणं! आम्ही वरीसभर रडलो. आपण भ्यालो म्हणून बंद पडलं, काकी आपल्यामुळं खचली, असं म्हणत रडलो. तुमच्या तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

मास्तरीण म्हणाली, "जाऊ दे ग, आज बोलले ना."

"काय जाऊ दे? काकीला सांगितलं का? न्हाय! ती बिचारी गेली तशीच. काकी असती तर तुम्हाला उपाशी ठेवलं असतं, कळलं? आठ दिवस! भाकरीचा तुकडा न्हाय!"

"चार दिवस," मी म्हटलं. "तिचं चार दिवसच असायचं. पाचव्या दिवशी ताट आपटायची, पण वाढायची."

मग पुलावरची म्हणाली, "त्या म्हशीवाल्याकडं उद्या जायचं. पाया पडायचं त्याच्या. मी येते बघायला." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रेवदंड्याचा पूल गेला, काशीद गेलं, मुरूड गेलं, बाईचा दम काही संपेना. माझ्या गाडीच्या वेगापासून माझ्या शर्टाच्या कॉलरपर्यंत तिनं काही सोडलं नाही. हा शर्ट किती दिवसांचा, जेवताय की नुसता चहा ढोसताय, एवढं वाळून काठी झालात, कुणासाठी वाळताय. मागच्या चौघी हसत होत्या. कितीतरी महिन्यांनी मला कुणी असं घरातल्यासारखं झापत होतं. सांत्वनाला आलेली माणसं फार हळू बोलतात, त्यानं माणूस आणखी एकटा पडतो.

आगरदांड्याला बोट लागलेली होती. फळीवर एका गाडीपुरती जागा. खलाशी हात करून ओरडत होता, "या, या, लवकर या!" मी काच खाली करून मागच्या जीपवाल्याला म्हटलं, "जा तू पुढं, आम्हाला घाई न्हाय," आणि इंजिन बंद केलं.

पुलावरचीनं बोट सुटताना बघितली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "बघा! आता बोटसुद्धा घालवली ह्या माणसानं!"

मी म्हटलं, "दुसरी येईल तासाभरानं. तू बोल."